डिसेंबरातल्या पोरांची बाजू

पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धांचे वेळापत्रक लागले, की पुण्यातल्या शाळांमध्ये एकदम धांदल उडते. मनपा स्तर, मग जिल्हा, विभाग, राज्य. संघ ठरवायला जेमतेम आठवडा. पीटीच्या तासाला (गणिताच्या बाईंनी तो मागून नेला नसेल तर!) पोरं पळवायची आणि उंच, दणकट दिसतील ती उचलायची. मी स्वतः शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणून हे बोलतोय. आपण गुणी खेळाडू शोधतोच कुठे? आपण लवकर वाढलेली मुलं शोधतो.

शालेय स्पर्धेत वयोगटाची रेघ 1 जानेवारीला असते. म्हणजे जानेवारीतलं पोर आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं पोर, दोघंही 14 वर्षांखालील गटात. अकरा महिन्यांचा हा फरक मोठेपणी कुणी विचारत नाही, पण त्या वयात तो डोळ्यांत भरतो. त्यात वयात येण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नाही, आणि दोघं कबड्डीच्या एकाच मैदानात. कोण कुणाला धरणार हे सांगायला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला) कोच कशाला लागतो? कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा 1985 साली अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त निघाली. संघात आला त्याला सराव मिळतो, सामने मिळतात, तो सुधारतो. मग आपण कॉलर ताठ करून म्हणतो, बघा, मी तेव्हाच ओळखलं होतं!

नुकसान त्या थोराड पोराचंही होतं. तेराव्या वर्षी नुसत्या अंगाच्या जोरावर जिंकतो, त्यामुळे कौशल्य शिकायची गरजच पडत नाही. सतरापर्यंत बाकीचे उंचीला गाठतात आणि हा गुपचूप खेळ सोडतो.

खो-खोत हे फार स्वच्छ दिसतं. किडकिडीत पोर असतं, पण अटॅकरच्या (पाठलाग करणाऱ्याच्या) खांद्यावरून त्याची दिशा ताडतं, आयत्या वेळी हुलकावणी देतं. आज सांगितलेली गोष्ट परवा न सांगता करून दाखवतं. ही नजर स्टॉपवॉचमध्ये येत नाही. खेलो इंडियाच्या चाचण्यांना, 50 मीटर, 600 मीटर वगैरेंना माझा विरोध नाही. फक्त ते आकडे ॲपवर भरून विसरू नका. त्याच मुलाच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

आणि घाई कसली आहे? अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू घडला तो तिथे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचं) सुवर्ण त्याचं. स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तिथे आधी शारीरिक तयारी झाली आणि नंतर नेमबाजी हाती आली. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. पाचवीतल्या मुलाच्या हातात एकच रॅकेट देऊन बाकी सगळं बंद करणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं.

आधार द्यायचा म्हणजे गॅदरिंगला शाल-श्रीफळ नव्हे. सकाळच्या सरावानंतर पोटात काहीतरी जायला हवं. स्पर्धेच्या दिवशी चाचणी परीक्षा आली, तर ती नंतर घ्यायला हवी. सणस मैदानाच्या ट्रॅकवर किंवा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात न्यायचं, तर पीएमपी बसचं भाडं कोण देणार, हे आधी ठरायला हवं. मुलींच्या बाबतीत तर कपडे बदलायला एक बंद खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळालं, तरी सातवी-आठवीत होणारी गळती कमी होईल असं माझं ठाम मत आहे. नववी संपता संपता ‘आता दहावी’ म्हणून पोरं मैदानावरून गायब होतात. दहावीचे सवलतीचे गुण मात्र सगळ्यांना लक्षात असतात.

यंदा मी संघाच्या यादीशेजारी दुसरी यादी केली आहे. त्यात वर्षाच्या शेवटी जन्मलेली, उशिरा वाढणारी, पण पटकन शिकणारी मुलं-मुली आहेत. तीही संघाबरोबरच सकाळी सरावाला येतात. ‘यांचं किट खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचं?’ असा प्रश्न कार्यालयातून आलाच. जर्सी जुन्या चालवतोय. बुटांचं कुणा माजी विद्यार्थ्याला जमणार असेल तर इनबॉक्समध्ये या, मापं पाठवतो.