थेरपिस्टला वर्गात बोलवा, मुलाला वर्गाबाहेर काढू नका

बडोद्यातल्या सरकारी आणि कॉर्पोरेशनच्या शाळांत ज्यांची दिव्यांग मुलं शिकतात, त्या पालकांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई-सरांसाठी लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

समग्र शिक्षा या सरकारी शाळांसाठीच्या योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. थेरपी, म्हणजे फिजिओथेरपीसारखे उपचार, त्यात बसते. होतं काय, तर ठरलेल्या दिवशी मुलाला रिसोर्स सेंटरवर बोलावतात, आई दिवसाची मजुरी बुडवून त्याला घेऊन जाते, अर्धा तास पाय ताणून देतात, रजिस्टरवर सही होते. दुसऱ्या दिवशी तेच मूल पुन्हा त्याच उंच बाकावर पाय लोंबकळत पाच तास बसतं. माझ्या मते थेरपिस्टचा वेळ आधी त्या पाच तासांवर खर्च व्हायला हवा.

सेरेब्रल पाल्सीचं मूल घ्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने ज्याचा हालचालींवर ताबा राहत नाही असं. पाय कडक, कमरेत जोर कमी. पाय टेकत नाहीत म्हणून ते पुढे घसरतं. घसरू नये म्हणून डाव्या हाताने बाकाची कड धरून ठेवतं. मग वही धरायला हात उरत नाही, वही सरकते, अक्षर बिघडतं आणि शेरा मिळतो, ‘लक्ष देत नाही’. अहो, त्याचं सगळं लक्ष न पडण्यात गेलेलं असतं!

उपाय स्वस्त आहे. गुडघे काटकोनात येतील एवढ्या उंचीची फळी पायाखाली द्या. फळी नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांचा सुतळीने करकचून बांधलेला गठ्ठा चालतो. बाक खोल असेल तर पाठीमागे कडक उशी, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहील अशी. डेस्क कोपराच्या पातळीला, फार तर दोन बोटं वर. वहीखाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी. पकड कच्ची असेल तर पाटीवर इंचभर खडूने लिहायला लावा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटं लागतात. बोटं कडक असतील तर मात्र जाड पेन्सिलच द्या.

पायाच्या स्प्लिंटचं, म्हणजे पाऊल सरळ ठेवणाऱ्या कडक आधाराचं, वेगळंच दुखणं. कॅम्पात माप घेतात, वस्तू हातात येईपर्यंत महिने जातात, तोवर पाऊल वाढलेलं असतं. स्प्लिंट काढल्यावर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही, किंवा टाच आत पूर्ण बसली नाही, तर घालणं थांबवा आणि दुरुस्त करून घ्या. आत सुती मोजा हवा, घडी न पडलेला. स्प्लिंट कपाटावर पडून राहतो तो टोचतो म्हणून, मुलाच्या हट्टामुळे नाही. आणि पावसाळ्याआधी कुबडीच्या टोकाचं रबर उलटं करून बघा. गुळगुळीत झालं असेल तर ओल्या लादीवर कुबडी सरकणारच.

शौचालयाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. बसता येत नाही म्हणून कितीतरी मुलं शाळेत दिवसभर पाणीच पीत नाहीत. भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची आणि भिंतीत पक्का बसवलेला, धरायचा पाइप, एवढ्याने हे सुटतं. रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबी. जागा वाचवायला ही लांबी निम्मी करतात, मग व्हीलचेअर मागे कलंडते.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्याच बडोद्यात पटावर नाव असलेलं मूल बाकावर नीट बसूही शकत नाही, हे मला सहन होत नाही.

आणखी एक घोळ. स्पेशल एज्युकेटर, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे खास शिक्षक, हे थेरपिस्ट नव्हेत. कोणता स्नायू किती ताणायचा हे त्यांच्यावर ढकलू नका, त्यांच्यावरही तो अन्याय आहे.

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागण्या मोजक्या ठेवा: पायाखालची फळी, शौचालयातला पाइप, आणि थेरपिस्टने वर्गात येऊन वर्गशिक्षकांना रोज करायच्या दोन-तीन गोष्टी करून दाखवायच्या. त्या एका कागदावर लिहूनही घ्यायच्या, गुजरातीत किंवा मराठीत, बाईंना जे सोपं पडेल त्यात. बाई बदलून गेल्या तरी कागद वर्गात राहतो.