"६० ते ७० हेच सगळ्यात प्रॉडक्टिव्ह वय" या मेसेजबद्दल खुलासा

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, माणूस ६० ते ७० मध्ये सगळ्यात प्रॉडक्टिव्ह असतो, आणि खाली पुरावा म्हणून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, खंड ७०, २०१८. असा अभ्यास त्या जर्नलमध्ये आलेलाच नाही, २०१८ ला त्यांचे ३७८ आणि ३७९ हे खंड चालू होते, मग ७० कुठून आला?

पण म्हणून वयाकडे चांगल्या नजरेने बघणं फुकट आहे असं अजिबात नाही हां. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधक बेका लेवी यांचा २००२ चा अभ्यास खरा आहे, ओहायोतल्या एका छोट्या गावातले पन्नाशीपुढचे ६६० जण, त्यात स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं वाटणारे बाकीच्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले, तब्येत, एकटेपणा, आर्थिक स्थिती हे फरक धरूनसुद्धा. तरी नुसत्या विचारानेच आयुष्य वाढतं हे यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे गोळ्या बंद करू नका प्लीज.

माझी आई ७१ ची आहे, गुडघा धरत जिना चढते आणि वर आली की मोबाईलवर मोडीचा क्लास लावून वहीत गिरवत बसते. तिला मी हा खराच अभ्यास वाचून दाखवला, फॉरवर्ड करायचा तर हा करा.