शिखर सर करायचंय, बस कितीला?

आईबाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ॲमस्टेलवेनला आलेत. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या, आणि आता बाबांनी स्वतःच नकाशा बघून ठरवलंय की नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी जिथे एकमेकांना चिकटतात तिथे जायचं. गाव फाल्स, पार दक्षिणेला लिम्बुर्ख प्रांतात, शेतं, गाई आणि टेकड्या.

मी नको तिथे तोंड उघडलं. म्हटलं बाबा, तिथली टेकडी म्हणजे युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वात उंच ठिकाण. "किती?" 322 मीटर. "आणि आपलं पुणं?" गूगल केलं, साधारण 560. बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधून खाली वाकून बघायचं शिखर." पण जायचंच.

मग तारीख. शनिवारी मुलाची फुटबॉल मॅच, रविवारी आईची एकादशी, त्यामुळे साबुदाणा आधी भिजवून डब्यातून न्यायचा का तिथे भिजवायचा यावर दोन दिवस चर्चा, आणि शेवटी जो शनिवार मिळाला (मॅच पुढे ढकलली, कशी ते विचारू नका) त्याच दिवशी मास्त्रिख्टच्या लाईनवर रुळांची कामं. म्हणजे ट्रेन, मग बदली बस, मग पुन्हा ट्रेन, मग मास्त्रिख्टहून 350 नंबरची बस जी फाल्सवरून थेट जर्मनीत आखेनला जाते, म्हणजे डुलकी लागली तर देश बदलला. शेवटी म्हटलं गाडी काढतो.

बाबांना वेगळीच काळजी. "तीन देश म्हणजे पासपोर्टवर तीन शिक्के ना?" शेंगेनमध्ये, म्हणजे खुल्या हद्दीच्या या युरोपीय देशांत, एकातून दुसऱ्यात जाताना शिक्के नसतात हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा खरंच उतरला. "मग हद्द कळते कशी?" म्हटलं मोबाईलवर वेलकमचा मेसेज येतो. "तो तर रोमिंगचं बिल वाढवायला येतो."

मग त्यांनी वाचून काढलं की 1816 पासून पहिल्या महायुद्धानंतर 1920 पर्यंत तिथे मोरेस्नेत नावाचा चौथाही एक इटुकला प्रदेश होता, कारण जस्ताच्या खाणीवरून डच आणि प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) यांचं जमेना, म्हणून मधला तुकडा कोणाचाच नाही असं ठरलं. "वाड्यातल्या सामायिक जिन्यासारखं. कोणाचाच नाही म्हणून झाडायचा कोणी नाही," इति बाबा.

आईला मी तिथल्या तांदळाच्या 'फ्लाय'चं आमिष दाखवलं, म्हणजे पिठाच्या पातळ गोल पारीत तांदळाची गोड खीर भरून भाजतात ते. "खिरीला वाटी मिळाली नाही का त्यांना?" आणि लगेच, "अंडं असतं?" असतं बहुतेक. विषय संपला, लाडू करून न्यायचे ठरले.

आता एक्सेल शीट तयार आहे, फार्महाऊस बुक आहे, आणि बाबांच्या बॅगेत कानटोपी, विंडचीटर आणि घडीची काठी. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि वर पार्किंग आहे हे मी अजून सांगितलेलं नाही, कारण काल रात्री त्यांनी रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या मंडळींच्या ग्रूपवर टाकलंय, 'शनिवारी नेदरलँड्सचे सर्वोच्च शिखर. आशीर्वाद असू द्या.' खाली एकोणतीस जणांनी हात जोडलेत.