अश्वगंधा चूर्णाला एक तारा देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. चूर्णाला तबेल्यासारखा वास येतो म्हणजे माल जुना. १२ दिवस दुधातून घेऊनही ताण तसूभर कमी झाला नाही. आणि थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे काउंटरवर कुणी विचारलंच नाही. शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो.

तिथे चूक आमचीच. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, त्यामुळे गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण द्यायचं नाही, हा आमचा नियम. गरोदर बायका, झोपेच्या गोळ्या घेणारे, यकृताचा त्रास असलेले, यांनाही तोच. त्या दिवशी गल्ल्यावर मी नव्हतो. पण पोराला हे शिकवायचं राहिलं ते माझ्याकडूनच. चूर्ण सध्या बंद ठेवा आणि १२ दिवस घेतलं होतं हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. पाकिटावर ही सूचना बारीक अक्षरात मागे होती, ती आता पुढे ठळक छापतोय.

वासाचं मात्र मान्य नाही. अश्वगंधा हे नावच त्या वासावरून पडलं. ओल्या मुळीला तो जास्त, वाळल्यावर उतरतो, तरी ताज्या दळलेल्या चूर्णात थोडा राहतोच. आमची मुळी नीमचच्या बाजारातून येते, मोडली की आत पांढरी, पिठूळ. बारीक तंतूवाल्या मुळ्या स्वस्त पडतात, त्या घेत नाही. पाला तर नाहीच; पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलंय. हां, वास कुबट, बुरशीसारखा असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला ताण. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळीचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला होता. त्यांचा ताण दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरला. पण तो अर्क होता, आपलं हे साधं चूर्ण. १२ दिवसांत काही जाणवलं नाही यात मला नवल वाटत नाही, आणि ६० दिवसांत जाणवेलच असंही मी लिहून देणार नाही. चरकाने अश्वगंधेला बल्य आणि बृंहणीय गणांत घातलंय, म्हणजे ताकद देणारी, अंग भरून आणणारी. ‘अ‍ॅडाप्टोजेन’, म्हणजे शरीराला ताण सोसायला मदत करणारं औषध, हा शब्द फार नंतरचा, १९४७ साली लाझारेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने काढलेला. ऑफिसचा ताण चमचाभर चूर्णाने जातो असं दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. म्हटलं होतं ते आमच्या चिरंजीवांनी, दारावर ‘तणावावर रामबाण’ अशी पाटी लावून. तुमचा अभिप्राय वाचला त्याच संध्याकाळी ती उतरवली.

तारे वाढवा असं सांगायला हे लिहिलेलं नाही. पैसे पूर्ण परत मिळतील, पावती नसली तरी. फक्त उरलेलं चूर्ण फेकू नका, येताना घेऊन या. वास मला स्वतः घेऊन बघायचाय. कुबट निघाला तर त्या पोत्यातला सगळा माल मागे घेतो.