पालकांना विचारतं कोण?

न्यूझीलंडमध्ये शाळेचं वर्ष डिसेंबरात संपतं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. मोठी सुट्टी, नाताळ आणि प्रगतिपुस्तक, सगळं एकदमच अंगावर येतं. हॅमिल्टनमधल्या आमच्या मुलीच्या प्राथमिक शाळेचं वर्षातलं शेवटचं पत्रक परवा आलं. मी ते नेहमीप्रमाणे खालून वर वाचलं, कारण कामाच्या गोष्टी तळाशी असतात. सापडलेल्या वस्तूंचं टेबल शुक्रवारी रिकामं करणार, ज्यांचे स्वेटर आणि डबे असतील त्यांनी घेऊन जावेत, उरलेलं दान करणार. (टोप्याही असतात ढीगभर. उन्हाळ्याच्या सत्रांत डोक्यावर टोपी नसेल तर पोराला सावलीत बसवतात, मैदानावर सोडत नाहीत.) वाचनालयाची पुस्तकं परत करा. पोहण्याच्या तलावाची किल्ली हवी असेल तर ऑफिसात पैसे भरा.

या किल्लीचं मला अजून नवल वाटतं. शाळा सुट्टीभर बंद, पण थोडे पैसे भरले की तलावाच्या फाटकाची किल्ली आपल्या घरी. शिपाई नाही, रखवालदार नाही. आपण जायचं, आपल्या पोरांवर आपणच लक्ष ठेवायचं आणि निघताना कुलूप लावायचं.

त्याच्या वर कोण शिक्षक सोडून चालले, पुढच्या वर्षी कुठला वर्ग कोणाकडे, सहावीतून इंटरमिजिएटला (इथली सातवी-आठवीची वेगळी शाळा) जाणाऱ्या मुलांचा निरोप समारंभ कधी, हे सगळं. आणि अगदी वर मंडळाचं निवेदन: यंदा पट किती राहिला, पुढच्या वर्षी किती धरलाय, जत्रेतून आलेल्या पैशांचं काय केलं, छताच्या दुरुस्तीचं काय झालं.

मंडळ म्हणजे आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समितीच, फक्त सह्यांपुरती नाही. १९८९ साली इथल्या सरकारने मधली विभागीय शिक्षण मंडळं बरखास्त केली आणि प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार त्या त्या शाळेच्या मंडळाच्या हाती दिला. साधारण पाच पालक, मुख्याध्यापक आणि कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी. पालकांची निवडणूक दर तीन वर्षांनी होते, २०२५ मध्ये ती सप्टेंबरात झाली. शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण मुख्याध्यापक कोण हे मंडळ ठरवतं. हिशेबाचं ऑडिट होतं आणि जाब मंडळाला द्यावा लागतो. आमच्या मंडळात एक प्लंबर आहे. छताच्या दुरुस्तीवर तो सभेत बोलायला लागला की कंत्राटदार गप्प बसतो.

यंदाच्या निवेदनात एक परिच्छेद वेगळा होता. माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यांचे प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वाइटांगी कराराची अंमलबजावणी करणं हे शाळा मंडळांचं कायदेशीर कर्तव्य होतं. सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कायदा बदलून ते काढून टाकलं. त्यावर देशभरातल्या शेकडो मंडळांनी सांगितलं की कायदा काहीही म्हणो, आम्ही करार पाळणार, माओरी भाषा आणि रीतिरिवाज शाळेत राहणार. आमच्या मंडळानेही तेच ठरवलं आणि पालकांना तीन ओळींत कळवलं. सगळ्या पालकांना ते पटलेलं नाही. फाटकापाशी मुलांना न्यायला उभे असताना दोघातिघांनी नापसंती बोलून दाखवली. पण ज्यांनी ठरवलं त्यांची नावं पत्रकाखाली होती आणि पुढच्या खेपेला त्यांना पाडता येतं.

त्याच आठवड्यात वहिनींशी फोनवर बोलणं झालं. वहिनी पाटण तालुक्यात, कोयनेच्या डोंगरात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहेत. पट अठरा. शिक्षिका त्या एकट्याच. डिसेंबरच्या सुरुवातीला नगरपालिकांच्या निवडणुकीची ड्यूटी, मग शिक्षकांनी शाळा बंद ठेवून काढलेला मोर्चा, त्यात रोज केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) ग्रुपवर येणाऱ्या, माहिती भरायच्या लिंक. “भावोजी, लिंक भरायला एक शिक्षक वेगळा द्या म्हणावं सरकारला,” त्या म्हणाल्या, “मग मी शिकवते.”

इथे बसून मराठी बातम्या वाचणाऱ्याला गेली दोन वर्षं एकच चित्र दिसतंय. शाळेबद्दलचा वाद मुंबईत सुरू होतो, मुंबईत तापतो आणि मुंबईतच मिटतो. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला. आरडाओरडा झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला: हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ राहील, पण वर्गातल्या किमान वीस मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर ती शिकवता येईल. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका मंचावर आले आणि शाळेचा विषय महापालिकांच्या राजकारणात विरघळून गेला.

मी या निर्णयाच्या विरोधातच होतो आणि आहे. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादण्यात अर्थ नाही. पण मला सलतो तो जूनच्या निर्णयातला वीसचा आकडा. वहिनींच्या अख्ख्या शाळेत वीस मुलं नाहीत. पहिलीत तीन आहेत. त्या तिघांच्या आईबापांनी वीस जणांची मागणी कुठून आणायची? हा आकडा लिहिणाऱ्यासमोर पुण्यातली किंवा ठाण्यातली चार तुकड्यांची शाळा असणार, पाटणची नक्कीच नव्हती. गंमत म्हणजे हाच आकडा शासनाला दुसरीकडे चांगला पाठ आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने मांडला होता. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, निर्णयात सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकच मंजूर होत नाही, म्हणून शिक्षक संघटना अजून भांडतायत. शाळा बंद करायच्या वेळी लहान शाळा मोजता येतात आणि भाषा निवडायचा हक्क देताना त्या दिसत नाहीत.

गणवेशाचंही तेच झालं. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं, शिलाईही वरूनच ठरली. पावसाळा उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते, जे पोचले त्यांत कोणाची बाही लांब, कोणाची चड्डी आखूड. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने खरेदीचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. तो आधी त्यांच्याचकडे होता. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं होतं, त्यासाठीचा राज्याचा पैसा जानेवारी २०२५ मध्ये थांबला आणि अंडी हवीत तर लोकवर्गणीतून द्या असं समितीला सांगण्यात आलं. ठरवायची वेळ आली की मुंबई आणि पैसे संपले की समिती!

शिक्षण हक्क कायदा, २००९ याबाबतीत अगदी स्वच्छ आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा, अनुदान कसं खर्च होतं हे समितीने बघायचं. कागदावर हे न्यूझीलंडच्या मंडळाच्या फार मागे नाही. प्रत्यक्षात काय होतं हे वहिनींनी सांगितलं. त्यांच्या शाळेतले बहुतेक बाप मुंबईत माथाडी कामाला, काहींच्या आयाही तिकडेच. पोरं आजीआजोबांपाशी. पालक सभेला येतात त्या आज्या. विषय वाचला जातो, चहा होतो, इतिवृत्तावर अंगठे आणि सह्या होतात. अध्यक्षांना सहीसाठी शेतावर गाठावं लागतं. तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टर, झाडू आणि जमलंच तर एका भिंतीला रंग. एवढ्यावर कोण आराखडा करणार आणि कशाला?

आता इथली बाजूही सांगतो, नाहीतर परदेशात गेलेला माणूस म्हणजे तिकडचं सगळं गोडच सांगणार, असं व्हायचं. मंडळाच्या निवडणुकीत कित्येकदा जागांइतकेच उमेदवार उभे राहतात, मतदान होतच नाही. जे उभे राहतात त्यांना संध्याकाळ मोकळी असते, इंग्रजी सफाईदार असतं आणि अंदाजपत्रक वाचता येतं. दोन पाळ्यांत काम करणारी सामोअन आई किंवा रात्री टॅक्सी चालवणारा पंजाबी बाप तिथे क्वचित दिसतो. सरकारी शाळेला फी घेता येत नाही, ‘देणगी’ मागता येते. सुखवस्तू वस्तीतली शाळा त्या देणगीवर जादा शिक्षक ठेवते, गरीब वस्तीतली शाळा मागतच नाही. मंडळाला स्वातंत्र्य दिलं की श्रीमंत शाळांचं फावतं, हे इथेही अभ्यासकांनी वारंवार सांगितलंय.

आणि वरून हुकूम सुटायचे ते सुटतातच. रोज एक तास वाचन, एक तास लेखन, एक तास गणित हे २०२४ पासून सगळ्यांना सक्तीचं. शाळेत फोन बंद, तेही त्याच वर्षी. गरीब वस्तीतल्या शाळांत दुपारचं जेवण मोफत मिळतं. ते २०२५ मध्ये सरकारने तीन डॉलरच्या हिशेबात बसवलं, मोठ्या कंपन्यांना एकगठ्ठा कंत्राट दिलं आणि सत्र सुरू होताच उशिरा पोचणारे, करपलेले, पोरं तोंडात घेईनात असे डबे बातम्यांत झळकले. आधी काही शाळा स्वतःच्या स्वयंपाकघरात जेवण करायच्या. वाचताना मला आपला गणवेश आठवला, कारण घोळ तंतोतंत तोच. २३ ऑक्टोबर २०२५ ला इथले शिक्षकही डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर संपावर होते.

तेव्हा सरकारं दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो हुकूम शाळेच्या दारात आल्यावर. इथे तो मंडळाच्या टेबलावर येतो आणि मंडळाला पालकांना लिहावं लागतं: हे असं आलंय, आम्ही असं करतोय, याला इतका खर्च, पटत नसेल तर अमुक तारखेच्या सभेला या. आपल्याकडे तो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि वहिनींच्या फोनमध्येच मुरतो. हिंदीच्या वादात मी डझनभर चर्चा पाहिल्या. साहित्यिक होते, पक्षांचे प्रवक्ते होते, माजी सनदी अधिकारी होते. चौथीतल्या मुलाची आई एकाही चर्चेत दिसली नाही. मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या आपल्या चळवळीतही पालक येतो तो बहुधा आरोपी म्हणून, इंग्रजी माध्यमाकडे पळणारा.

पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीत गावाने वर्गणी काढली, जमीन दिली आणि जिल्हा परिषदेची शाळा नावारूपाला आली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ते उदाहरण देताना शिक्षकांचं नाव घेतो, गावाचं कौतुक करतो आणि मोकळे होतो. समितीला निधी आणि निर्णय द्या, ही मागणी त्यातून कोणी करत नाही. भाषेच्या प्रश्नावर लाखभर माणसं रस्त्यावर आणण्याची ताकद असलेल्या पक्षांपैकी एकाने तरी म्हणावं की संयुक्त अनुदान वाढवा आणि ते कशावर खर्चायचं ते समितीला ठरवू द्या. त्यात मतं नाहीत, हे मला कळतं. तरी म्हणावं.

वहिनींना मी सुचवलं, २६ जानेवारीला झेंडावंदनाला मुंबईची माणसंही जत्रेच्या निमित्ताने गावात असतात, तेव्हा वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचून दाखवा. किती आले, किती गेले, काय मागितलं, काय मिळालं नाही.

“वाचते की,” त्या म्हणाल्या. “दहा हजारांचा हिशेब वाचायला दोन मिनिटं लागतील, भावोजी. त्यानंतर लोक विचारणार, पुढच्या वर्षी शाळा राहणार का. ते मला कोणी लिहून दिलेलं नाही.”