वीरगळाखाली हंडा नसतो, अण्णा

"वीरगळावरचा सूर्य म्हणजे सोनं, चंद्र म्हणजे चांदी, खाली जितक्या गाई तितके हंडे." महिनाभर हा मेसेज ग्रुपवर फिरत होता, मी पुसून टाकत होते. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. परवा दक्षिण सोलापुरातल्या आमच्या गावाहून चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा, फोन आला. "चार गाई हायत बघ आपल्या दगडावर." मसणवट्याच्या कडेचा वीरगळ त्यांनी आणि आणखी तिघांनी रात्रीतून आडवा केला होता. कमरेइतकं खणलं. मुरूम लागला.

आधी गाईंचंच सांगते. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला पडलेला वीर आणि गुरं, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच. गावाची गुरं कोणी हाकून नेत होतं, ती सोडवताना हा मेला, एवढं त्या गाई सांगतात. सूर्य-चंद्र कशाला? ते आहेत तोवर याची आठवण राहो म्हणून. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. त्या माणसाचं जे काही उरलंय ते या चार चौकटींत, आणि त्यात आपण हंडे मोजायचे?

आता मेसेजातली बाकीची वाक्यं. "वीरगळ म्हणजे गळा कापलेला, म्हणून दगड शापित." अहो, कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु. सोलापुरात हे कुठल्याही कानडी शेजाऱ्याने सांगितलं असतं. देवाला स्वतःचं मस्तक वाहणाऱ्या वीरांची शिल्पं आहेत, हे कबूल. पण त्यात शाप कुठे आला?

"सगळे शिवकालीन मावळ्यांचे." नाही. कितीतरी चालुक्य-यादवांच्या काळातले आहेत, महाराजांच्या आधी कित्येक शतकं उभे केलेले.

"सापडेल ते सापडणाऱ्याचं." जुन्या गढीत, शेतात नाण्यांचं मडकं कधीमधी निघतं, खोटं कशाला बोलू. पण १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. मेसेज पाठवणारा तेव्हा सोडवायला येणार नाही.

अण्णा, दगड पालथा पडलाय. पावसाआधी उभा करायचा. रविवारी मी येतेय, त्या तिघांनाही पहारी घेऊन बोलवा. तोंड पहिल्यासारखं गावाकडेच ठेवायचं.