सोवेटोची पोरं ‘कंटाळा आला’ म्हणून रस्त्यावर आली नव्हती

नांदेडला नववीत असलेल्या भाचीने एक मेसेज पाठवून विचारलं, “मामा, हे खरं आहे का?” मेसेज सोवेटोबद्दल, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्या लोकांच्या वस्तीबद्दल, असा: ‘१९७६ला दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या पोरांना एक जादा भाषा शिकायचा कंटाळा आला, बाहेरच्यांनी भडकावलं, पोरांनी दगड मारले म्हणून गोळ्या चालल्या. आपले आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेच की!’

‘जादा भाषा’ हे सपशेल खोटं. आफ्रिकान्स, म्हणजे तिथल्या गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा, विषय म्हणून आधीपासून होतीच. १९७४च्या सरकारी फतव्याने ती शिकवण्याचं माध्यम झाली. गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून, विज्ञान इंग्रजीतून. घरची झुलू, सोथो उरली ती धर्मशिक्षण, संगीत आणि कवायतीपुरती. कित्येक मास्तरांनाच आफ्रिकान्स धड येत नव्हती. पोराला आकडेमोड येते, पण गणितात विचारलंय काय तेच कळत नाही, आणि शिक्का बसतो ‘गणितात कच्चा’ म्हणून. याला कंटाळा म्हणायचं? वर सरकार गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड खर्च करत होतं, काळ्या मुलामागे ४२.

एक मात्र मान्य करावं लागतं. ही पोरं मातृभाषेचं माध्यम मागत नव्हती, इंग्रजी त्यांना चालत होती. मराठी शाळांसाठी भांडणारी आपली माणसंही सोवेटोला ‘मातृभाषेचा लढा’ म्हणतात, तेही चूकच. पण ज्यांना शिकायचं त्यांना न विचारता भाषा लादली, हे त्याने बदलत नाही.

आता दगड. दगडफेक झाली, आधी काय घडलं यावर वाद आहे. पण १६ जूनला गोळी लागून गेलेला हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता. आणि सरकारनेच नेमलेल्या सिलिए आयोगाचा हिशेब बघा: फेब्रुवारी १९७७पर्यंत ५७५ मृत्यू, त्यातले ४५१ पोलिसांच्या हातून. याच आयोगाने आफ्रिकान्सची सक्ती हेही उद्रेकाचं कारण मानलं. मग सगळं ‘बाहेरच्यांनी भडकावलं’ म्हणून कशाच्या जोरावर म्हणता?

राहिला निजाम. उर्दूतून किती जण शिकले? ऐपतवाले, शहरातले. उर्दू न येणाऱ्या खेड्यातल्या मराठी पोराला उस्मानिया विद्यापीठाचं दार उघडंच नव्हतं, कारण तिथे शिकवणं उर्दूतून. आणि पोरं गप्पही बसली नाहीत. १९३८ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून कॉलेजातून काढलेली पोरं नागपूरला जाऊन शिकली. मराठवाड्यात राहून हे माहीत नसेल, तर निदान पोरांच्या ग्रुपवर असले मेसेज ढकलू नका.

सोवेटोतला तो फतवा जुलै १९७६मध्येच सरकारला मागे घ्यावा लागला. हे भाचीला लिहून पाठवलंय, वर्गाच्या ग्रुपवर टाक म्हणून.